मदत हवी आहे: अफिलिएटचं काम बघणारा माणूस कसा पारखायचा?

नमस्कार मंडळी. आमचा लाकडी घाण्याच्या तेलाचा छोटा धंदा आहे, विक्री स्वतःच्या वेबसाइटवरून. काही यूट्यूबवाले, रेसिपीवाले आमची लिंक किंवा सवलतीचा कोड देतात, त्यातून झालेल्या विक्रीवर त्यांना १० टक्के कमिशन; हेच आमचे अफिलिएट पार्टनर. हिशोब मीच एक्सेलमध्ये बघते.

दिवाळीत फसगत झाली. एका पार्टनरच्या नावावर धडाधड ऑर्डरी आल्या, मी खुशीत पैसेही पाठवले. मग कळलं, त्याने आपला कोड कूपनच्या साइटवर टाकलेला. गिऱ्हाईक कार्टपर्यंत आपलं आपणच आलेलं, पण शेवटी कोड त्याचा वापरला, म्हणून विक्रीचं श्रेय त्याला! कॅश ऑन डिलिव्हरीची पार्सलं परत आली ती वेगळीच.

आता या कामाला माणूस ठेवायचाय. दोन मुलाखती झाल्या. दोघंही फॉलोअर्सचे आकडे सांगत बसले. रिटर्नची मुदत संपेपर्यंत कमिशन रोखायचं का, यावर गप्प. त्यातल्या एकीला पेड पोस्टवर 'जाहिरात' लिहायचा एएससीआयचा (जाहिरातींवर लक्ष ठेवणारी संस्था) २०२१ चा नियम माहीत होता, ते आवडलं.

पार्टनर सांभाळणारा गोडबोल्या घ्यावा की आकड्यांत मुरलेला? मुलाखतीत तुम्ही नेमकं काय विचारता? आणि पगार ठरलेला द्यावा की विक्रीवर टक्का? टक्का दिला तर तोच कूपनवाल्यांकडे काणाडोळा करेल, अशी धास्ती वाटते.