मदत हवी आहे: सकाळी केलेलं जेवण आईबाबांना रात्रीपर्यंत कसं ठेवावं?

आईबाबा दोघेही पंचाहत्तरीच्या पुढचे. स्वयंपाकाच्या ताई सकाळी आठला येऊन दोन्ही वेळचं वरण, भात, भाजी, पोळ्या करून जातात. रात्रीचा वाटा ओट्यावर झाकून असतो, कारण फ्रिजमधलं बाधतं असं आईचं ठाम मत. बाबांना ॲसिडिटीची गोळी रोज चालू आहे. भात रात्री चांगला गरम केला तर चालेल ना?

प्रतिसाद १
दिवसभर बाहेर राहिलेला भात नको, कितीही गरम केलात तरी. तांदळात बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू असतात, ते साध्या उकळीला दाद देत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि जे विष तयार करतात, त्यातलं एक पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. भात आंबलेला लागेलच असं नाही. त्यात उतारवयात नाकाची धार कमी होते, म्हणून ‘वास घेऊन बघ’ यावर विसंबू नका. बाबांच्या गोळीने पोटातलं आम्ल कमी होतं, म्हणजे जंतू मारणारा एक पहारा ढिला पडतो.

ताईंना सांगा, कुकर उघडल्यावर रात्रीचा वाटा लगेच वेगळा काढायचा. भांड्यात दडपलेला भात मधोमध तासन् तास कोमट राहतो. परातीत बोटभर जाडीचा थर पसरून पंख्याखाली वाफ जाऊ द्यायची, मग पसरट डब्यात भरून फ्रिजमध्ये. वरणाचं पातेलं गार पाण्यात ठेवून ढवळायचं. हे सगळं शिजल्यापासून दोन तासांत व्हावं. पारा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासात. फ्रिज ५ अंशांच्या खाली हवा. दारातल्या कप्प्यात ठेवू नका, तिथे गारवा कमी असतो.

प्रतिसाद २
वरील सगळ्याला दुजोरा. गरम करण्यातही गफलत होते. लागेल तेवढंच काढा. वरणाला खळखळून उकळी आणा. भातावर पाण्याचा हबका मारून झाकण ठेवा, दणदणीत वाफ येऊ द्या आणि एकदा खालीवर करा. मायक्रोवेव्हमध्ये कडा चटका देतात आणि मधला घास गारच राहतो, म्हणून अर्ध्यावर काढून ढवळा. मधोमध ७५ अंश व्हायला हवेत. गरम करून उरलेलं परत फ्रिजमध्ये जाऊ नये.

पोळ्या डब्यात बाहेर चालतील. ओल्या नारळाची चटणी बाहेर अजिबात नको. मोड आलेली मटकी कच्ची देऊ नका, शिजवूनच.

प्रश्नकर्ता
आई फ्रिजला तयारच झाली नाही तर?

प्रतिसाद १
मग भात रात्रीच ताजा लावा. ताईंनी सकाळी दोघांपुरते तांदूळ कोरडेच मोजून ठेवायचे, भिजवायचे नाहीत. लहान इलेक्ट्रिक कुकर घेतलात तर रात्री फक्त धुऊन, पाणी घालून बटण दाबायचं. वरण-भाजीला मात्र फ्रिजशिवाय इलाज नाही.