तांबडी, पांढरी आणि टबातली: सड्यावरच्या फेअरी श्रिंपवरनं पेटलेला धागा

माळावरचा_गडी: परवा इथं खानापूरवाल्यानं फेअरी श्रिंपचे, म्हणजे पावसाळी डबक्यातल्या कोळंबीसारख्या बारक्या जिवांचे, फोटो टाकून ठोकून दिलं, "जांबोटीच्या सड्यावरची, म्हणजे खडकाळ पठारावरची, तांबडी नि लांबडी, अथणीच्या काळ्या रानातली पांढरी नि बुटकी. दोन जाती. डोळे असलेल्याला डीएनए कशाला?" दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

अरे, रंग खाण्यावर चढतो. शेवाळातली कॅरोटिनॉइडं, म्हणजे रंगद्रव्यं, अंगात साठली की तांबूस. लांबी ठरते ती पाणी किती गार, किती दिवस टिकलं, डबक्यात दाटी किती यावर. गेल्या साली दोन्हीकडची, यांची अंडी असलेली वाळकी माती गच्चीवर दोन टबांत घालून पावसाचं पाणी ओतलं. दोन दिवसांत पिलं, तीही पाठीवर उलटी पोहणारी. खाणं एकच. पंधरवड्यानं कुठला टब कुठला ते माझं मलाच कळेना. जात ठरवायची तर नर धर, मादीला पकडायची त्याची शृंगिका, म्हणजे डोक्यावरची पकड, भिंगाखाली बघ.

खानापूरवाला: मला शिकवालाय? रंगावरनं जात कळत नाही म्हणतोस, मग टबात दोन्ही सारखी दिसली म्हणून एकच जात हे कसं कळलं? सह्याद्रीतल्या खडकावरच्या डबक्यांतनंच २०१४ साली स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रीएन्सिस ही नवी जात आली. तेव्हाही कोणीतरी "सगळी सारखीच" म्हणालं असेल.

माळावरचा_गडी: एकच जात असं मी म्हणालोच नव्हतो. पण वाक्य तसं वाचलं जातंय खरं. घे, एक फटका तुझा. ती जात मात्र फोटो बघून ठरली नव्हती.

गुरं_राखलेला: तुम्ही दोघं पुस्तकी. म्हशींच्या खुरातनं, बगळ्यांच्या पायातनं, धुळीबरोबर यांची अंडी गावोगाव जातात. सगळं मिसळणारच की. वेगळेपणा टिकेल कसा?

माळावरचा_गडी: काका, पोचणं वेगळं नि रुजणं वेगळं. जी आधी आली तिनं चिखलात अंड्यांचा साठा करून ठेवला, आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. मागनं आलेल्या चार अंड्यांना तिथं कोण विचारतो? म्हणून शेजारशेजारची डबकीसुद्धा जनुकांनी लांबची निघू शकतात, दिसायला जुळी असली तरी.

सीमावासी: आधी एक सांगा, फोटोखाली "बेळगावी" का लिहिलंय?

खानापूरवाला: सरकारी नाव आहे म्हणून. १ नोव्हेंबर २०१४ पासून.

सीमावासी: ज्या दिवशी आम्ही कर्नाटकात घातल्याचा काळा दिवस पाळतो, नेमका तोच दिवस निवडला. आणि तू मराठीत लिहिताना तेच मिरवतोस? माझ्या आजोबांनी ५६ साली…

तिसरं_रेल्वे_फाटक: झालं सुरू. माझी आई कानडी, बाप मराठी. घरात दोन्ही नावं चालतात, भाकरी एकच भाजते. आता माझीपण शृंगिका तपासा.

सीमावासी: विनोद सुचतो, कारण सातबाऱ्याचा उतारा कानडीत घेऊन कुणाच्या तरी दारात वाचून मागायची पाळी तुझ्यावर आली नाही.

तिसरं_रेल्वे_फाटक: आली की. वाचून दिलं ते शेजारच्या कानडी मास्तरनं. पैसेही घेतले नाहीत.

सीमावासी: मास्तरबद्दल माझं काही म्हणणं नाही. कागदाबद्दल आहे. २००४ पासून सुप्रीम कोर्टात सीमाप्रश्नाचा दावा आहे, माणसं म्हातारी झाली.

चिऱ्याचा_सडा: लढा तुम्ही. आमच्या घरामागचा अर्धा सडा चिरेखाणीत गेला. लहानपणी त्याच डबक्यात हात घालून ही उलटी पोरं पकडायचो. माती ट्रकात भरून गेली, अंडीही गेली. जनुकं कुणाची तपासणार? रस्त्याच्या भरावाची?

माळावरचा_गडी: यावर उत्तर नाही माझ्याकडं.

खानापूरवाला: उरलेल्या अर्ध्या सड्यावर पाणी आहे का अजून? असेल तर रविवारी येतो. नर धरून दाखव म्हणे. आणि हो गड्या, तुझी ती तांबडी-पांढरीची कटकट मान्य, पण टाकलेला फोटो मी हटवणार नाही.

माळावरचा_गडी: राहू दे की. फक्त खाली बेळगाव लिही.

खानापूरवाला: जांबोटी लिहितो.