मदत हवी आहे : मास्टर विनायकांची जुनी पत्रकं कुणाकडं आहेत का?

मंडळी, आमच्या तालमीच्या गणेशोत्सवात यंदा जुन्या सिनेमातले नट-दिग्दर्शक मास्टर विनायक यांच्यावर छोटं प्रदर्शन लावतोय. माणूस आपल्या कोल्हापूरचाच, पण नव्या पोरांना नावही ठाऊक नाही राव! ‘अयोध्येचा राजा’तला (१९३२) नारद १९३५ साली ‘विलासी ईश्वर’ करून दिग्दर्शक झाला, मग ‘हंस पिक्चर्स’ ही चित्रपट कंपनी, ‘ब्रह्मचारी’ (१९३८) हा चित्रपट... एवढं जुळवलंय. आज्ज्याच्या ट्रंकेत ‘हंस’चं एक पत्रक सापडलं, पण वाळवीनं नेमकी चित्रपटाच्या नावाचीच कड खाल्लीय. खाली फक्त ‘आणे’ एवढंच वाचता येतं. कुणाच्या घरी त्या काळची पत्रकं, गाण्यांची चोपडी आहे का? मूळ कागद नको, मोबाईलवर काढलेला स्वच्छ फोटो पुरे. नेटवरचे धुरकट फोटो तेवढे पाठवू नका, ते ढिगानं आहेत.