मदत हवी आहे: कॉकर स्पॅनियलच्या कानाचं इन्फेक्शन परत परत होतंय

नमस्कार मंडळी, आम्ही चिपळूणला राहतो, घरी कॉकर स्पॅनियल कुत्री आहे. मुळात इंग्लंडात झुडपातून वुडकॉक पक्षी उठवायला तयार केलेली जात, त्यामुळे ओलं गवत दिसलं की ही आत घुसलीच, आणि फिरवली नाही तर घरात सगळं कुरतडते. पण कान लांब, केसाळ, आत हवाच जात नाही, मग पावसाळाभर कानाला वास, काळपट मळ, सारखं डोकं झटकणं. डॉक्टर यीस्ट (एक बुरशी) इन्फेक्शन म्हणाले, ड्रॉप्सने बरं होतं पण परत येतं. कोकणात स्पॅनियल सांभाळणारं कोणी आहे का? कानाच्या आतल्या बाजूचे केस ट्रिम करता का? क्लीनर आठवड्यातून किती वेळा वापरता? बिचारी रात्री झोपत नाही ओ, प्लीज सांगा.