मदत हवी आहे: स्पेशल टीम्ससाठी राखीव खेळाडू कसा जोखायचा?

एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगचे प्रीसीझन (हंगामापूर्वीचे) सामने बघून ५३ जणांचा संघ आपणच निवडायचा, असा आमच्या मित्रमंडळींत खेळ चालतो. बहुतेक नावं सहज ठरतात. गाडी अडते ती शेवटच्या राखीव लाइनबॅकर आणि सेफ्टी या बचावपटूंपाशी, कारण त्यांची जागा स्पेशल टीम्सवरच (किकऑफ, पंट अशा किकच्या वेळी उतरणाऱ्या तुकड्यांवर) ठरते.

स्नॅप काउंट (किती डावांत मैदानात होता) आणि टॅकल (किती जणांना पाडलं) बघून झाले. पण पंटच्या वेळी कडेने धावत जाऊन चेंडू घेणाऱ्याला गाठणाऱ्या चांगल्या गनरवर दोघे सोडले की त्याच्या नावावर टॅकल येत नाही, आणि त्याच्या धाकाने फेअर कॅच झाला (चेंडू घेणाऱ्याने पुढे न पळता नुसता झेल घेतला) हे आकड्यांत कुठे दिसणार? किकऑफचा घोळ तर त्याहून मोठा. २०२४ पासून कव्हरेजचे, म्हणजे किक मारणाऱ्या संघाचे, दहा जण समोरच्यांच्या ४० यार्ड रेषेवर उभे असतात. चेंडू पडेपर्यंत किंवा झेलला जाईपर्यंत हलायचं नाही. म्हणजे नुसत्या सुसाट धावणाऱ्यापेक्षा ब्लॉक (समोरच्याचा अडथळा) झटकणारा आता जास्त कामाचा, असा माझा अंदाज.

किकर, पंटर, लाँग स्नॅपर यात धरू नका. माझ्याकडे फक्त टीव्हीचं चित्रण आहे, पूर्ण मैदानाचं नाही. एवढ्यावर, किकऑफ कव्हरेजमध्ये राखीव लाइनबॅकरच्या पहिल्या दोन-तीन सेकंदांत नेमकं काय बघायचं?