फ्लाइट डिस्पॅचरला युनिफॉर्म नसतो म्हणे, मग कामावर घालायचं काय?

सिन्नरची_चिमणी

नमस्कार मंडळी, इथे एव्हिएशनवाले बरेच जण आहेत म्हणून विचारतेय. मी दोन वर्षं एअरपोर्टला चेक-इन काउंटरवर होते, आता फ्लाइट डिस्पॅचर (जमिनीवर बसून, हवामान बघून विमानाचा मार्ग आणि इंधन ठरवणारा माणूस) ट्रेनी म्हणून सिलेक्शन झालंय, पुढच्या महिन्यात गुडगावला ऑपरेशन्स कंट्रोल सेंटरमध्ये जॉइनिंग आहे. एचआरच्या मेलमध्ये कपड्यांबद्दल एकच ओळ, स्मार्ट कॅज्युअल, युनिफॉर्म नाही. काउंटरला सगळं ठरलेलं असायचं, अंबाडा कसा, लिपस्टिकची शेड कुठली, स्कार्फची गाठ कुठल्या बाजूला, शिफ्टच्या आधी सुपरवायझर नखंसुद्धा बघायच्या. तेव्हा वैताग यायचा पण सकाळी कपाटासमोर उभं राहून डोकं चालवावं लागायचं नाही.

आता बाबा म्हणतायत दोन ब्लेझर शिवून घे, ऑफिसर दिसली पाहिजेस. मैत्रीण म्हणते तिथे सगळे टीशर्टवर असतात. कुर्ता चालेल का, जीन्स चालेल का? आणि खरं सांगायचं तर पोटात गोळा वेगळ्याच गोष्टीने येतोय. मी उंचीने लहान, अजून कॉलेजातली वाटते, वीस वीस वर्षं विमान उडवलेल्या कॅप्टनला मी सांगणार की इंधन एवढं घ्या, ऑल्टरनेट (ठरल्या जागी उतरता आलं नाही तर पर्यायी विमानतळ) बदला, तर ते ऐकून घेतील का माझं? खोलीचं डिपॉझिट भरून झालंय, पहिला पगार व्हायला वेळ आहे, त्यामुळे उगाच खरेदी नकोय.

रात्रपाळी_११

अभिनंदन गं! डिस्पॅचमध्ये मला ११ वर्षं झाली, त्यातली निम्मी रात्रपाळीतच गेली. पहिली गोष्ट, ब्लेझर शिवू नकोस. आपल्या खोलीत पॅसेंजर येत नाही, क्रूसुद्धा क्वचितच, कॅप्टनला तू दिसतच नाहीस, त्याला फोनवर तुझा आवाज ऐकू येतो आणि समोर तू केलेला फ्लाइट प्लॅन असतो, बस.

एक प्रसंग सांगतो. जानेवारी, पहाटे साडेचार, दिल्लीचं आरव्हीआर (धावपट्टीवर किती मीटर लांबचं दिसतंय ते) भराभर खाली यायला लागलेलं. आमचं एक विमान मुंबईहून निघायच्या बेतात, कॅप्टन कॅट थ्री (दाट धुक्यातलं लँडिंग) क्वालिफाइड पण फर्स्ट ऑफिसरचं ते ट्रेनिंग बाकी, म्हणजे दिल्लीला कॅट थ्री बी मध्ये ५० मीटरपर्यंत लँडिंग होत असलं तरी ह्या जोडीला ते बंद. माझ्या शेजारच्या डेस्कवर नवीन मुलगी, अंगावर आईची शाल, पायात जाड मोजे, तिने फोन उचलून सांगितलं की सर जयपूर ऑल्टरनेट ठेवू नका, तिथले बे (विमान उभं करायच्या जागा) भरत आलेत, लखनौच्या टॅफमध्येपण (विमानतळाच्या हवामान अंदाजात) धुकं आहे, अहमदाबाद धरून इंधन घेऊ या, थोडा लोड कमी करावा लागेल ते मी बघते. दोन सेकंद पलीकडून काहीच नाही. मग एवढंच, ठीक आहे, नवीन प्लॅन पाठव. त्या माणसाला शालीचा पत्ताही नव्हता, तिने चार विमानतळांचं हवामान वाचलंय हे मात्र बरोब्बर कळलं.

तेव्हा उंचीची काळजी सोड. आवाज स्थिर ठेव, आधी काय हवंय ते सांग, मग कारण सांग.

कपड्यांचं म्हणशील तर साधी कॉटनची पँट आणि कॉलरचा शर्ट किंवा कुर्ता, फाटकी नसलेली जीन्स आमच्याकडे चालते पण पहिला आठवडा नको, आधी आजूबाजूला बघ. चपला नकोत. एसी इतका लावलेला असतो की मे महिन्यातपण हुडहुडी भरते त्यामुळे एक स्वेटर खुर्चीला कायमचा. आणि हे कोणी सांगत नाही म्हणून सांगतो, उग्र परफ्यूम मारून येऊ नकोस, बंद खोलीत तीस-चाळीस माणसं दहा-बारा तास बसलेली असतात, रात्री तीनला डोकं उठतं.

कोल्हापूर_ते_डॅलस

मी इथे अमेरिकेत डिस्पॅचर आहे. इथे एफएएचं (इथल्या सरकारी विमान खात्याचं) सर्टिफिकेट लागतं, वयाची २३ पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही, आणि मोठ्या एअरलाइनमध्ये फ्लाइट रिलीजवर (विमान सोडायच्या कागदावर) कॅप्टनच्या बरोबरीने डिस्पॅचरची सही असते, जबाबदारी दोघांची. एवढं असून माझ्या डेस्कवर मी जीन्स आणि हुडी घालून बसते, कोणी एका शब्दाने बोलत नाही.

पण एक जागा अशी आहे जिथे कपडे फार म्हणजे फार मोजले जातात, ती म्हणजे कॉकपिटची जंपसीट, पायलटांच्या मागची जादा खुर्ची. इथल्या नियमाने आम्हाला दर १२ महिन्यांत ५ तास कॉकपिटमध्ये बसून काम बघावं लागतं (काही वेळा सिम्युलेटरवरपण भागतं), फॅम फ्लाइट म्हणतो आम्ही. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी नाइट शिफ्ट संपवून तशीच गेटवर गेले, गडद निळी जीन्स, पांढरे स्नीकर्स, चांगले स्वच्छ होते हो. कॅप्टन सभ्यपणे म्हणाले, सॉरी, तुमच्याच कंपनीच्या पॉलिसीत डेनिम नाही, मी नेऊ शकत नाही. जंपसीटवर कोण बसणार ह्याचा शेवटचा शब्द कॅप्टनचाच, तिथे वाद नाही. विमान माझ्यासमोर पुशबॅक झालं आणि मी काचेशी उभी. रडू आलं मला. पॉलिसी ४० पानांची, आम्हाला ट्रेनिंगमध्ये कोणी ते पान उघडूनही दाखवलं नव्हतं आणि ह्याचा राग मला अजून आहे. ते तास पुरे करायला नंतर दोन शिफ्ट बदलून घ्याव्या लागल्या.

पण कारण पटलं. पॅसेंजर बसलेले असतात, त्यांच्यासमोरून एक बाई कॉकपिटमध्ये शिरते, ती कोण हे त्यांना कपड्यांवरूनच कळणार ना. आणि इमर्जन्सीत तूपण स्लाइडवरून उतरणार, तर बंद बूट हवेत, हाय हील्स नकोत, नायलॉन-पॉलिस्टर आगीत कातडीला चिकटतं म्हणून सुती कपडे बरे. भारतातपण डिस्पॅचरना फॅमसाठी कॉकपिटमध्ये पाठवतात, त्यामुळे एक चांगली काळी पँट, एक इस्त्रीचा शर्ट आणि काळे बंद बूट एवढा एक जोड लॉकरमध्ये ठेवूनच दे. आणि तुमच्या कंपनीची पॉलिसी स्वतः वाच गं, माझ्यासारखं गेटवर कळायला नको.

बर्मिंगहॅमचा_बंड्या

एक घोळ होऊ शकतो म्हणून लिहितो. इंग्लंडमध्ये डिस्पॅचर म्हटलं की लोकांना रॅम्पवरचा (विमानं उभी असतात तिथला) माणूस आठवतो, म्हणजे टर्नअराउंड, विमान आल्यापासून पुन्हा निघेपर्यंतचं सगळं सांभाळणारा, बोर्डिंग, बॅगा, इंधन, लोडशीट (विमानातल्या वजनाचा कागद), दार बंद. मी तेच करतो. तेव्हा नेटवर डिस्पॅचर ड्रेस कोड शोधलंस तर हाय-व्हिज (लांबून दिसणारं भडक रंगाचं) जॅकेट आणि सेफ्टी शूज दिसतील, घाबरू नकोस, ते काम वेगळं.

पण ट्रेनिंगमध्ये तुम्हालापण एअरपोर्टवर नेतीलच. त्या दिवशी ओढणी घरी ठेव. खरंच सांगतोय, इंजिनच्या पुढे सुटं काहीही नको, ओढणी, स्कार्फ, टोपी, केसातली सैल पिन, वरच्या खिशातलं पेन. रॅम्पवर पडलेली एक पिनसुद्धा एफओडी (विमानाला इजा करू शकणारी सुटी वस्तू), इंजिनने ओढली तर ब्लेडचं नुकसान. पासची दोरी झटका बसला की सुटणारी असते तीच वापर, बेल्ट लोडरजवळ (बॅगा विमानात चढवणाऱ्या फिरत्या पट्ट्याजवळ) साधी दोरी गळ्यात नको. तिकडे बीसीएएसचा (भारतातल्या विमान सुरक्षेच्या सरकारी खात्याचा) एंट्री परमिट समोर दिसेल असा लावावा लागतो, तो जॅकेटखाली जाऊ देऊ नकोस.

गिरगावचे_काका

मी मेंटेनन्समधून रिटायर झालोय, माझं मत वेगळं आहे. डिस्पॅचरला युनिफॉर्म हवाच. अमेरिकेत १९३८ च्या कायद्यापासून ह्या माणसाला सर्टिफिकेट द्यायला लागले, काम एवढं जुनं आणि एवढं मोठं, पण कॅप्टनच्या खांद्यावर चार पट्ट्या आणि डिस्पॅचरच्या खांद्यावर काहीच नाही म्हणून घरच्यांनापण कळत नाही की पोरगी नेमकं करते काय. आम्ही ओव्हरऑलमध्ये असायचो, ग्रीस लागलेलं असायचं, तरी पाठीवर कंपनीचं नाव होतं त्याचा अभिमान होता. बाळ, तुझे बाबा ब्लेझर म्हणतायत ते उगाच नाही.

रात्रपाळी_११

काका, अभिमानाचं मान्य, पण मला नाही पटत. रात्री दोनला सहा स्क्रीनसमोर चक्रीवादळाचे नोटॅम (उड्डाणासाठीच्या अधिकृत सूचना) वाचत बसलेल्या माणसाच्या गळ्याशी टाय आवळून कामात काही भर पडत नाही. दमलेल्या माणसाकडून चूक होते आणि अंगाला टोचणारे कपडे दमवतात. मान द्यायचा तर ड्यूटीचे तास नीट द्या, अमेरिकेत सलग १० तासांची मर्यादा लिहून ठेवलीय, त्याने डिस्पॅचरचा मान जास्त राहतो.

गिरगावचे_काका

तासांचं बोललास ते शंभर टक्के खरं. युनिफॉर्मवर मी ठाम आहे.

सिन्नरची_चिमणी

सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, तो अहमदाबादचा किस्सा मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवला, ब्लेझरचा विषय मिटला. ताई, एचआरला मेल करून जंपसीट पॉलिसी मागवली, आमच्याकडेपण डेनिम आणि उघडी पादत्राणं नाहीतच, ते आधीच कळलं हे किती बरं झालं. काका, तुमचं म्हणणं आईला फार आवडलं.

काल मेन रोडवरून दोन सुती पँटी आणि एक काळे बूट घेतले, कुर्ते घरचेच नेणार. काउंटरचे काळे बूट होते पण टाच उंच आहे म्हणून ठेवून दिले. आईने ट्रंकेतून तिचा राखाडी स्वेटर काढलाय, कोपराला विरलाय, ते रफू करत बसलीय आणि मी समोर बसून ओझरचे (आमच्या नाशिकच्या विमानतळाचे) मेटार, म्हणजे आत्ताच्या हवामानाचे कोडमधले रिपोर्ट, डीकोड करतेय, ती मधेच विचारते आज पाऊस आहे का गं, आणि मला उत्तर देता येतंय.