रताळं उपवासाला चालतं, मग जिवाणूच्या जनुकाचंच वावडं का?

दादरचा बाल्कनीवाला
एकादशीला दादर मार्केटातून रताळी आणली. भाची बायोटेक शिकते, म्हणाली, "मामा, हे आधीपासूनच जीएम, म्हणजे बाहेरचं जनुक असलेलं, आहे!" २०१५ साली लागवडीतल्या रताळ्याचे २९१ नमुने तपासले, तर सगळ्यांत अ‍ॅग्रोबॅक्टेरियम या मातीतल्या जिवाणूचा डीएनए निघाला. कोणी घातलेला नाही, फार पूर्वी आपसूक घुसलेला. त्यात ऑक्झिन हे झाडाच्या वाढीचं हार्मोन बनवणारी जनुकंसुद्धा आहेत. पिढ्यान्पिढ्या खातोय, कोणाचं काय बिघडलं? तेव्हा जिवाणूचं जनुक म्हटलं की कपाळाला आठ्या घालणं सोडा.

मुलुंडची काकू
निसर्गात झालं म्हणजे निर्धोक? धोतराही निसर्गातच उगवतो रे. वीस वर्षं टिश्यू कल्चरमध्ये, म्हणजे बरणीत तुकड्यांपासून रोपं वाढवण्यात, काढलीत, म्हणून सांगते. ऑक्झिन जास्त तर मुळं, सायटोकायनिन हे दुसरं हार्मोन जास्त तर कोंब. स्कूग आणि मिलर या शास्त्रज्ञांनी १९५७ सालीच तंबाखूवर दाखवलंय. आता याच जिवाणूचं सायटोकायनिन बनवणारं आयपीटी जनुक रोपात सतत चालू ठेव. हार्मोन न देता कोंबच कोंब फुटतात, बरणीत बघावं तर हिरवंगार. पण मुळंच धरत नाहीत, कुंडीत लावलं की मान टाकतं. भाऊबंद जिवाणूचं रोल-ए जनुक घातलं तर पानं सुरकुततात, पेरं आखडतात. एक जनुक आणि उपद्व्याप दहा. आठ्या उगाच नाहीत.

रात्रपाळीचा पीएचडी
काकू, दोष जनुकाचा नाही, स्विचचा, म्हणजे जनुक कधी चालू व्हायचं ते ठरवणाऱ्या भागाचा. १९९५ साली गॅन आणि अमासिनो या शास्त्रज्ञांनी आयपीटीला असा स्विच जोडला, जो पान म्हातारं व्हायला लागल्यावरच चालू होतो. सायटोकायनिन तयार झालं की म्हातारपण थांबतं, मग स्विचही आपोआप बंद. तंबाखूची पानं कितीतरी जास्त दिवस हिरवी राहिली आणि झाडाची बाकी वाढ नेहमीसारखी झाली.

मुलुंडची काकू
तंबाखूत पानच विकायचं असतं, तिथे ठीक. भातात काय करशील? पान पिवळं पडणं हा रोग नव्हे, पिकता पिकता ते नायट्रोजन दाण्याला पाठवत असतं. पान हिरवं राहायचा हट्ट धरून बसलं तर दाण्यानं काय खायचं?

ठाण्याचा नर्सरीवाला
आमच्याकडे कलांचो या कुंडीतल्या फुलझाडाची गिऱ्हाइकं बुटकं, भरगच्च झाड मागतात. त्यासाठी वाढ रोखणारी औषधं मारावी लागतात, कोकणात आंब्याला कल्टार घालतात त्याच जातीची. डेन्मार्कमधल्या लोकांनी मुळांचा रोग करणाऱ्या त्याच भाऊबंद जिवाणूची लागण होऊ दिली, त्याची रोल जनुकं कलांचोत आली आणि झाड आपणहून ठेंगणं राहिलं. फवारा मारून माझेच हात सोलतात, मला हे पटतं.

मुलुंडची काकू
कलांचो कोणी खात नाही, त्याला माझी हरकत नाही. खायच्या पिकाला मात्र प्रत्येक वेळी वेगळी तपासणी हवी, "रताळ्यात चालतं" एवढं म्हणून सुटका नाही.

दादरचा बाल्कनीवाला
भाची विचारतेय, मग रताळ्यावर जीएमचं लेबल लावायचं का?

मुलुंडची काकू
तिला म्हणावं, आधी आजीला विचार. उपवासाचं खातं तिच्याकडे आहे.